पहिली चार पावलं

सोमवार, ६ जानेवारी २०२५

यार्डातले शेठ अजून डायरी पाठवतात. मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागात, चौतीस वर्षं तोलणार म्हणून काट्याशेजारी उभा राहिलो. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी जानेवारीत डायरी येतेच. दरवर्षी मी चार पानं लिहितो आणि मग सुशीला ती गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं लिहायला घेते. यंदा तिला मिळेलसं वाटत नाही. मला दुसरा उद्योगच उरलेला नाही.

आज डॉक्टरांकडे गेलो. वारज्याच्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. उतरायलाच पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टर तरुण आहेत, बोलतात कमी. उजवा गुडघा दाबला, वाकवला, एक्सरे पाहिला आणि म्हणाले, "काका, यात आता काही राहिलं नाही. गुडघा बदलावाच लागेल."

यात मला नवीन काही नव्हतं. बारा वर्षांपूर्वी याच पायाचं गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ केला होता. पाय बाहेरच्या बाजूला वाकत चालला होता, सगळा भार गुडघ्याच्या आतल्या कडेवर यायचा. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, दहा वर्षं निघतील. बारा निघाली. तक्रार करायची तर कुणाकडे, तेही कळत नाही. ते डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले, दवाखाना बंद झाला, तिथं आता केक मिळतात. त्यांना सुशीलानंच शोधून काढलं होतं. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

अडचण निराळीच आहे. तेव्हा बसवलेली पट्टी आणि आठ स्क्रू अजून हाडात आहेत. ते काढल्याशिवाय नवा गुडघा बसत नाही. डॉक्टर म्हणाले, "स्क्रू कुठल्या कंपनीचे, त्यांचं डोकं कसलं, हे कळलं तर नेमका पाना आधी मागवून ठेवता येतो. मग एकाच वेळी सगळं करतो. नाही कळलं आणि आत खटपट करत बसावं लागलं, तर त्याच दिवशी गुडघा बसवण्याचा धोका मी घेणार नाही. पट्टीचं एक ऑपरेशन, तीन महिन्यांनी गुडघ्याचं दुसरं. जुनी फाइल शोधा. एक्सरेही आणा, मूळ पाय किती वाकडा होता ते मला बघायचंय."

दोन ऑपरेशनं. मला एकाचंच बळ नाही.

एक मात्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी विचारलं, "जास्त कधी दुखतं?" मी आठवेपर्यंत सुशीलाच म्हणाली, "उतरताना. आणि बसून उठलं की पहिली चार पावलं. पाचव्याला जरा सैल होतं." डॉक्टरांनी लिहून घेतलं. खरं तर मला पहिल्या पावलापासून विसाव्यापर्यंत सारखंच दुखतं, पण मी मध्ये बोललो नाही. बायकोचं आपल्याकडे इतकं लक्ष असतं हे ऐकून बरं वाटलं.

गुरुवार, ९ जानेवारी

फाइल नाही. कपाटावरची बॅग, दिवाणाचा खण, माळा, सगळं झालं. म्हणजे सुशीलानं शोधलं आणि मी खुर्चीतून सूचना दिल्या. माळ्यावर चढायला ती तयार होईना. शेवटी शेजारच्या सर्जेरावांना बोलवलं. पूर्वी ही बाई स्टुलावर उभी राहून पंखे पुसायची. आता तिला सगळंच टेकून करायचं असतं. देव भिंतीवर चढवलेत, पूजा उभ्यानं. ब्लाउज बेतायची ती जमिनीवर चटई टाकून, आता टेबलावर. शिलाई मशीनला मोटर लावून घेतली, पाय मारायचा कंटाळा. म्हातारपणी माणसं आळशी होतात, दुसरं काय.

गुडघ्याला लावायची ट्यूब पुन्हा संपली. मी दिवसातून एकदा लावतो, तरी महिन्यात तीन लागतात. कंपन्या आत हवा भरून विकतात.

शनिवार, ११ जानेवारी

फाइलीचा शोध लागला. लागला नसता तर बरं झालं असतं.

सुशीला ब्लाउजच्या गळ्यांचे साचे एक्सरेच्या फिल्मचे करते. कागद फाटतो, पुठ्ठा वाकतो, फिल्म मळत नाही आणि आरपार दिसतं. गल्लीतल्या लोकांचे जुने एक्सरे ती मागून आणते. पानगळा, चौकोनी गळा, बोट नेक, मटका गळा, सगळे कापून, भोक पाडून, एका तारेत ओवून खिळ्याला टांगलेले. अर्ध्या सोसायटीची हाडं आमच्या घरात टांगलेली आहेत असं मी लोकांना हसून सांगायचो.

आज दुपारी ती तार घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "यात बघा."

खिडकीशी एकेक धरून पाहिलं. मटका गळ्यात माझा गुडघा निघाला. गळ्याच्या ऐन गोलाईत पट्टीचं टोक आणि दोन स्क्रू. उरलेले सहा कापून गेलेले.

मी फार बोललो. चौतीस वर्षांत एक पावती हरवली नाही माझी, आणि हिनं नवऱ्याचं हाड गिऱ्हाइकांच्या गळ्यात घातलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा बरे झाला होतात. परत लागेल असं वाटलं नव्हतं."

"बाकीचं कुठंय?"

"तरन्नुमकडे असेल. ती दुकान टाकत होती, तेव्हा मी अर्धे साचे आणि फिल्मची पाकिटं तिला दिली."

तरन्नुम म्हणजे सुशीलाकडे शिवण शिकलेली मुलगी. वारज्यातच तिचं लेडीज टेलरचं दुकान आहे. फोन केला तर ती नणंदेच्या बाळंतपणाला सोलापूरला. शुक्रवारी येणार.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तीन दिवस घरात फक्त कुकर बोलतोय. सकाळी तिनं हातावर वडी ठेवली, "तिळगूळ घ्या" म्हणाली, पुढचं वाक्य गाळलं. मीही आग्रह केला नाही.

भाग्यश्रीचा वाघोलीहून फोन. आमची मुलगी तिकडे कंपनीत असते. "बाबा, आईला ब्लेम करू नका ना. कुणालाही कळलं नसतं." मी म्हटलं, तुझ्या आईला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "तुम्हालाही बरंच काही कळायला हवं होतं." मग मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. आजकालच्या मुलांना अर्धवट बोलायची सवय आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

तरन्नुम स्टेशनवरून दुकानात आणि दुकानातून थेट इकडे आली. धापा टाकत तीन मजले चढली आणि तीन मोठी खाकी पाकिटं टेबलावर ठेवली. "काका, फिल्म कापल्या मी, पण कागदाला हात लावला नाही. काकूंनी शिकवलंय, पाकिटातलं चिठोरंही टाकायचं नाही, गिऱ्हाईक कधी परत येईल सांगता येत नाही."

पहिल्याच पाकिटावर माझं नाव, रंगराव केंजळे. आत डिस्चार्ज कार्ड आणि त्याच्या मागे एक छोटं स्टिकर चिकटवलेलं, कंपनीचं नाव आणि नंबर छापलेलं. ऑपरेशनच्या आधीचा एक्सरेही होता, कडेनं कापलेला, पण गुडघा शाबूत. पानगळ्याला तेवढीच फिल्म लागली होती. मला एकदम रडू आलं. तरन्नुमसमोर बरं दिसेना म्हणून चष्मा पुसत बसलो.

तरन्नुम दुसरं पाकीट उचलून म्हणाली, "आणि काकू, हे तर तुमचं..."

"चहा घेतेस ना?" सुशीला म्हणाली आणि उरलेली दोन्ही पाकिटं घेऊन मशीनच्या खणात टाकली. गिऱ्हाइकांची असावीत.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "झालं ते झालं." ही माफी कुणी कुणाची मागितली ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

बुधवार, २९ जानेवारी

काल ऑपरेशन झालं. कमरेखाली बधिर करतात, कान चालू राहतात. पडद्यापलीकडे सुतारकाम सुरू होतं. हातोडी, करवत, मध्येच कुणीतरी "पाना द्या" म्हणालं. तो पाना आधीच मागवलेला होता. सात स्क्रू निघाले, आठवा तुटला, त्याचं टोक आतच ठेवलंय. डॉक्टर म्हणतात त्यानं काही बिघडत नाही. नवा गुडघा त्याच वेळी बसवला. दुसरं ऑपरेशन टळलं.

पट्टी आणि स्क्रू पिशवीत घालून दिले. हातावर घेऊन म्हटलं, पंचावन्न ग्रॅम. घरी वजन करून बघायचं.

सुशीला रात्रभर खुर्चीत बसून होती. सकाळी उठताना तिनं पलंगाची दांडी धरली आणि तशीच जागेवर उभी राहिली. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही, मुंग्या आल्या." माझंच इतकं दुखत होतं की पुढचं विचारायचं राहिलं.

रविवार, २ फेब्रुवारी

घरी आलो. दवाखान्याच्या दोन माणसांनी खुर्चीत बसवून तीन मजले वर आणलं. गणपती आणतात तसा आलो, फक्त कुणी जयजयकार केला नाही. सुशीला मागून चढत होती, ती आमच्यानंतर पंधरा मिनिटांनी पोचली.

पट्टी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. त्रेपन्न ग्रॅम. अजून अंदाज गेलेला नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टाके काढले. व्यायाम शिकवायला निकिता नावाची मुलगी एक दिवसाआड घरी येते. गोड बोलून छळते. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला पाहिजे म्हणते, माझा सत्तरला अडतो. मग ती त्यावर हात ठेवते आणि मला पूर्वज आठवतात.

पलंगावरून उठताना सुशीलाच्या खांद्यावर भार टाकावा लागतो. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. ती ओठ घट्ट मिटून उभी राहते. निकितानं आज तिला विचारलं, "काकू, तुम्ही डाव्या पायावर कमी भार देता का?" सुशीला म्हणाली, "चप्पल झिजलीय." निकिता तिच्या पायांकडे बघत राहिली. घरात तिच्या पायात चप्पल नव्हती. मला त्यावर विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण निकितानं पुन्हा माझा गुडघा धरला.

रविवार, २३ फेब्रुवारी

थकलोय. दुखण्यापेक्षा या त्याच त्या चार भिंतींनी. वॉकर घेऊन दारापर्यंत जायचं, परत यायचं.

सुशीला सकाळी भाजीला जाते ती तासाभरानं येते. खाली दरवाजा वाजलेला मला ऐकू येतो, त्यानंतर वर यायला वीस मिनिटं. दुसऱ्या मजल्यावर बायका गाठत असणार. मी इथं चहासाठी खोळंबलेला आणि हिचं जिन्यात संमेलन. आज बोललो तसं. म्हणाली, "हो, जरा वेळ जातो बोलण्यात."

भाग्यश्री आली होती. स्वयंपाकघरात आईशी हळू आवाजात चाललेलं. "आई, तू कधी दाखवणार?" "आधी एकाचं होऊ दे." डोळ्यांचं असणार. सुईत दोरा ओवताना हल्ली ती फार वेळ लावते.

सोमवार, ३ मार्च

पायजम्याची नाडी आत गेली. सुशीला बाजारात. नाडी ओवायची पिन शोधायला मशीनचा खण उघडला, तर ती दोन खाकी पाकिटं. एकावर सोसायटीतल्या बाळ कुलकर्ण्यांचं नाव. दुसऱ्यावर सौ. सुशीला रंगराव केंजळे.

फिल्म कापून नेलेली होती, नुसत्या कडा उरलेल्या. सोबत चिठ्ठी. माझ्याच त्या जुन्या डॉक्टरांची, इंग्रजीत. या विषयातलं इंग्रजी मला आता वाचता येतं. दोन्ही गुडघे आतून झिजलेले, डावा जास्त. डाव्या पायाचं हाड कापून सरळ करण्याचं ऑपरेशन लवकर करावं. पुढं सहा आठवडे पाय टेकवू नये. तारीख ८ ऑक्टोबर २०१२.

माझं पाकीट काढून जुन्या एक्सरेवरची तारीख पाहिली. १९ ऑक्टोबर २०१२. अकरा दिवसांनंतरची.

मला आता आठवतंय. त्या महिन्यात एकदा मी यार्डातून आलो आणि जिन्यातच बसलो, वर येता येईना. ती म्हणाली, एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. आम्ही आत गेलो तेव्हा डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले होते, "मग, काय ठरलं?" मला वाटलं, अजून पाय दाखवलाही नाही आणि हे काय विचारतात. ती म्हणाली होती, "आधी यांचं बघा."

बारा वर्षं. माझं ऑपरेशन, माझ्या कुबड्या, माझी काठी, मग माझा गुडघा. पोतं नुसतं बघून मी त्यातला अर्धा किलो कमी ओळखायचो. रोज दोन वेळा समोर ताट ठेवणारी बाई कशी चालते ते मला दिसलं नाही. मला स्वतःची फार लाज वाटते आहे. ट्यूब कुठं जायची तेही कळलं.

ती आली तेव्हा पाकीट जागेवर ठेवलं होतं. तिच्याकडे नाडीची पिन मागितली.

बुधवार, ५ मार्च

आज ती भाजीला गेली आणि मी काठी घेऊन दारात उभा राहिलो. ती परतली तसा खाली दरवाजा वाजला. पाच मिनिटं थांबलो, मग उतरायला लागलो. निकितानं शिकवल्याप्रमाणं, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, मग दुसरा, एक हात कठड्यावर. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच जिना उतरत होतो. भीती वाटत होती, पण पाय धरून राहिला.

दुसऱ्या मजल्यावर एकही बाई नव्हती. सगळी दारं बंद. त्याच्या खालच्या वळणावर सुशीला पायरीवर बसलेली, पिशवी शेजारी, दोन्ही हात डाव्या गुडघ्यावर.

"अहो! एकटे का उतरलात? पडला असतात म्हणजे?"

"तुझ्या गप्पा ऐकायला आलो."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मशीनच्या खणातलं पाकीट बघितलं मी."

तिनं पिशवीतली कोथिंबीर आत सारली. "टाकून द्यायला हवं होतं," म्हणाली. "पण फिल्म चांगली होती. बोट नेकला तसली परत मिळाली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून? दोघं आडवे पडलो असतो. भाग्यश्रीची बारावी होती. स्वयंपाक कुणी केला असता, तुमच्या शेठनं?"

"आणि नंतर? बारा वर्षं?"

"नंतर तुम्ही विचारलंत कधी?"

मी वाकून पिशवी उचलली. साडेसहा किलो, एखादा कांदा इकडे तिकडे. रोजची साडेसहा किलो, तीन मजले, अशा पायानं.

"ठेवा ती, तुम्हाला उचलायची नाहीये."

"काठीच्या हातात नाही घेत. कठडा सोडून देतो."

"म्हणजे दोघंही पडू."

शेवटी पिशवी तिथंच ठेवली आणि सर्जेरावांना हाक मारली. आम्ही दोघं कठडा धरून एकामागून एक वर आलो. तीस पायऱ्यांना अर्धा तास लागला. ती पुढं होती. चढताना ती कुठल्या पायावर थांबते ते मी पहिल्यांदा पाहिलं.

मंगळवार, ११ मार्च

सहा आठवडे झाले म्हणून डॉक्टरांकडे माझी तपासणी. फोन करून मी दोन नावं लिहायला सांगितली होती. सुशीलाला रिक्षात बसल्यावर सांगितलं. ती वारज्याच्या पुलापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

माझा पाय उत्तम म्हणाले, पंचाण्णव अंश वाकतो. मग तिच्याकडे वळले. तिचा एक्सरे काढला. आता फिल्म देत नाहीत, थेट मोबाइलवर येतो. "कापायला काहीच उरलं नाही," ती मला हळूच म्हणाली. तेवढंच हसलो.

डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत होते. दोन्ही गुडघे, आधी डावा. तिचं हाड सरळ करण्याची वेळ कधीच निघून गेलीय, हे त्यांनी सांगितलं नसतं तरी मला दिसत होतं. एव्हाना मलाही एक्सरे वाचता येतो.

"काकू, जास्त कधी दुखतं?"

"विशेष काही नाही हो," सुशीला म्हणाली. "वयाप्रमाणं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, "उतरताना. आणि बसून उठलं की पहिली चार पावलं."

सुशीलानं माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवरचा पदर सारखा करत डॉक्टरांना म्हणाली, "पाचव्याला जरा सैल होतं."